चुकीच्या खोलीतली खुर्ची

चष्मेवाल्याला कुणी हळूच बाजूला घेऊन विचारलं, की बाबा रे, तुझी दारू सुटली कुठे, तर तो त्या इमारतीचा पत्ता देतो, जिना सांगतो, वरचा मजला सांगतो आणि बजावतो, "डावीकडच्या खोलीत जायचं. मी उजवीकडे गेलो होतो. ती चूक होती." मग जरा थांबून म्हणतो, "करून बघायला हरकत नाही म्हणा."

त्याचं दुकान चांगलं चालायचं. पाय तेवढे नीट चालत नसत, आणि तेही संध्याकाळनंतर. कपाटात भिंगं पुसायच्या पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या असत. एकीत भिंगं पुसायचं पाणी असे. एकदा घाईघाईत दुसरीतल्या द्रवाने एका वकिलाचा चष्मा पुसला गेला, आणि तो असा काही लखलखीत निघाला की पुढच्या खेपेला वकीलसाहेब "ते मागच्या वेळचंच लावा" म्हणून अडून बसले. चष्मेवाल्याने जड मनाने लावलं. चांगली वस्तू काचेवर वाया जाताना बघवत नव्हती.

बायको तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवते. गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत, आणि श्वास रोखून धरण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. घरातही ती कितीतरी वर्षं श्वास रोखूनच वावरत होती. चष्मेवाल्याची समजूत अशी, की आपली बायको शांत स्वभावाची आहे.

ही समजूत चष्म्यापायी मोडली. बायकोचा नंबर वाढला होता, त्याने नवा चष्मा करून दिला. घरचंच गिऱ्हाईक, त्यामुळे काम संध्याकाळी केलं. चष्मा घातल्यापासून तिला गरगरायला लागलं. जिन्याच्या पायऱ्या वर येत, तलावाचा काठ तिरपा होई, पोहणाऱ्या मुलांची डोकी मोजताना एक जास्त भरे, कधी एक कमी. आठवड्याने ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी मेंदू सोडून आधी चष्मा बघा म्हटलं, म्हणून ती वाटेतल्या दुसऱ्या चष्म्याच्या दुकानात शिरली. तिथल्या माणसाने चष्मा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हा कुठल्या गाढवाने केलाय? डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे घातलंय."

कुठल्या गाढवाने ते तिने सांगितलं नाही. नवा चष्मा तिथेच करून घेतला, घरी आली आणि जुना टेबलावर ठेवला.

"आठवडाभर मला वाटत होतं माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. आणि पाण्यात मुलं होती."

"चूक झाली."

"मी रडणार नाही, शपथा घ्यायला लावणार नाही. एकच सांगते. यापुढे एकदा जरी पिऊन आलेला दिसलास, तर मी ताईकडे जाईन. आणि परत येणार नाही."

ती भांडली असती तर त्याने उत्तरं तयार ठेवली होती. वर्षानुवर्षांच्या सरावाने चांगली घोटून ठेवलेली उत्तरं होती. पण ती भांडली नाही. शिट्टी खुंटीला लावून झोपायला गेली. आणि तेव्हा चष्मेवाला, आयुष्यात प्रथमच, घाबरला.

एकट्याने सोडण्याचे प्रयोग त्याने पूर्वी करून बघितले होते आणि ते सगळे रविवारपर्यंत टिकले होते. म्हणून त्याने सभा शोधायच्या ठरवल्या. दारू सोडलेली माणसं जिथे एकमेकांना धरून बसतात, तशा.

पहिली सभा एका प्रशस्त हॉलमध्ये होती. व्यासपीठ, माइक, मागे पडदा. एकेक जण उठून आपण किती खोल गेलो होतो ते सांगत होता. एकाने मोटार थेट फर्निचरच्या दुकानात घालून पलंगाशेजारी उभी केली होती. दुसरा स्वतःच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोचला होता. टाळ्या पडत होत्या. चष्मेवाल्याला आपली दारू अगदीच किरकोळ वाटायला लागली. दोन भिंगांची अदलाबदल! एवढ्याशा भांडवलावर त्या माइकसमोर उभं राहायचं म्हणजे हसं करून घेणं. परतताना त्याच्या मनात आलं, आपण अजून त्या पातळीला पोचलेलोच नाही, म्हणजे खाली बरीच जागा शिल्लक आहे. हा विचार त्याला इतका आवडला, की त्याच्याच भीतीने तो पुन्हा तिथे गेला नाही.

दुसऱ्या सभेचे प्रमुख दारूबरोबर चहा, साखर, वर्तमानपत्र आणि उशी हेही सोडून बसले होते.

"तुम्ही काय काय सोडायला तयार आहात?" त्यांनी विचारलं.

"सध्या दारू."

"बस? एवढंच?"

तिसऱ्या सभेत दार उघडलं तेच त्याच्या गिऱ्हाइकाने. "अरे वा, तुम्हीपण? बरं झालं भेटलात! हा चष्मा सारखा घसरतो हो." चष्मेवाल्याने खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. मग शेजारच्याचं बघितलं, मग पलीकडच्याचं. सभा संपेपर्यंत सगळ्यांचे चष्मे नाकावर पक्के बसले होते आणि तो स्वतःविषयी एक अक्षर बोलला नव्हता.

खरी अडचण तीच होती. सगळीकडे कधी ना कधी उभं राहून एक वाक्य म्हणावं लागे. साधं, दोन-तीन शब्दांचं. ते त्याच्या घशाशी येई आणि परत फिरे.

"कशी होती?" बायको विचारायची.

"ठीक."

"बोललास?"

"आज ऐकलं."

एकदा ती म्हणाली, "तू गिऱ्हाइकाला विचारतोस ना, हे भिंग स्पष्ट की ते? खूप भिंगं बदलली की शेवटी गिऱ्हाईक काय म्हणतं?"

"कंटाळून म्हणतं, हेच बरं."

"तसं करू नकोस," ती म्हणाली आणि दुसऱ्या दुकानातल्या चष्म्यातून पुस्तक वाचायला लागली. तो चष्मा रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर असे. डावी दांडी जरा सैल होती. बघून त्याचे हात शिवशिवत. पण तिने तो कधी त्याच्या हातात दिला नाही, आणि त्याने मागितलाही नाही.

मग त्या इमारतीचा पत्ता मिळाला. खाली गायनाचा क्लास होता. वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी कागद चिकटवला होता: ‘दारूच्या त्रासातून बाहेर पडायचंय? या.’ बाण नव्हता. खोल्या दोन. डावीकडच्या खोलीतून खो खो हसण्याचा आवाज येत होता. म्हणजे ती नव्हे, चष्मेवाल्याने ताडलं. दारू सुटलेली माणसं हसतील कशाला? ते बहुधा गायनाच्या क्लासातले असावेत. उजवीकडच्या खोलीत डोकावलं, तर गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर मोजकीच माणसं बसली होती, आणि प्रत्येकाचा चेहरा लांबलचक. हीच, असं म्हणून तो आत शिरला.

कुणी काही विचारलं नाही. नव्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत, नाव सांगायचं नाही, बोलावंसं वाटलं तरच बोलायचं, असा तिथला रिवाज होता. कपात चहा आला. एक निवृत्त मुख्याध्यापिका बोलत होत्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

"किल्लीवरून कळायचं मला," बाई सांगत होत्या. "दाराबाहेर आले की किल्ली आधी कुलपाभोवती फिरायची. खर्र, खर्र. एका दमात आत गेली तर मी श्वास सोडायची. खरखर वाढली की मुलांना म्हणायची, चला, दिवा घालवा, झोपल्याचं सोंग घ्या. आता ते गेले, मुलं मोठी झाली. अजून शेजाऱ्यांच्या दाराची किल्ली वाजली तरी माझा हात दिव्याच्या बटणाकडे जातो."

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. हे पिणाऱ्याचं बोलणं नव्हतं. मग एक बसड्रायव्हर आपल्या भावाविषयी बोलला, एक नर्स आपल्या आईविषयी, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही दारुड्यांची खोली नव्हेच. ही दारुड्यांच्या घरच्यांची खोली.

उठावं, तर दार लांब. शिवाय बाईंसमोरून मध्येच उठून जायची हिंमत जगात फार थोड्या लोकांत असेल. तो बसून राहिला. शेवटी सभा संपल्यावर, रिवाज मोडून, ड्रायव्हरने त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "घरी त्रास आहे?"

"आहे," चष्मेवाला म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"वहिनी?"

इथे मान हलवायला नको होती. पण ती हलली, आणि कशी हलली ते ड्रायव्हरने आपल्या परीने वाचलं. "बायकोमाणूस पितं तेव्हा फार कठीण हो," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर चष्मेवाल्याने कुलपात किल्ली घातली आणि तो आवाज जन्मात प्रथमच ऐकला. दारामागे श्वास सोडल्याचंही ऐकू आलं, किंवा त्याला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने ती दुसरी बाटली हातात घेतली. उघडली. कानात खर्र, खर्र सुरू झालं. त्याने बाटली मोरीत उपडी केली, विसळली आणि नळाखाली धरून भरून ठेवली. वकीलसाहेबांनी नंतर तक्रार केली, की पूर्वीसारखं काम राहिलं नाही.

मग तो दर आठवड्याला जायला लागला, त्याच खोलीत. खरी खोली कुठली ते आता त्याला माहीत होतं. बाईंनीच सांगितलं होतं, "त्यांना एकदा शेजारी घेऊन या हो. तिथे सोडलेली माणसं बसतात." भिंतीपलीकडून तेवढ्यात हशा उसळला तशी नर्स फणकारली होती, "प्यायचं यांनी, आणि हसायचंही यांनीच!" पण शेजारी गेलं की ते वाक्य म्हणावं लागणार होतं. इथे फक्त ऐकायचं होतं. आणि इथे सगळे त्याच्याशी इतके मायेने वागत, की तसं वागवून घेण्याचीच त्याला चटक लागली. बाई त्याच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवत. ड्रायव्हर सांगे, "घरात बाटल्या हुडकत बसू नका, वहिनींचा पाणउतारा करू नका." तो खाली मान घालून "नाही करणार" म्हणे, आणि घरी जाऊन खरंच करत नसे. ऐकलेलं तो उलट्या बाजूने वापरत होता, एवढंच. उशीर होणार असला की फोन करी. घरात शिरताना हाक मारी. बायकोला विचारी, "तू जेवलीस का?"

या प्रश्नाने बायकोचा संशय पक्का झाला. इतक्या वर्षांत न विचारलेली गोष्ट माणूस विचारायला लागतो, तेव्हा काहीतरी शिजत असतं. एका संध्याकाळी ती तलावावरून परस्पर त्या इमारतीपाशी आली, जिना चढली आणि दोन्ही खोल्यांत डोकावली. उजवीकडे, खिडकीजवळ, तिचा नवरा बसलेला दिसला. ती दारात उभी राहिली. केस ओले आणि विस्कटलेले, तलावाच्या पाण्यातल्या औषधाने डोळे लालभडक, दिवसभर शिट्ट्या मारून आवाज बसलेला.

सगळ्या खुर्च्यांवरून एकच सुस्कारा आला.

"या," बाई उठल्या. "आत या. लाजायचं काही कारण नाही."

"बसा वहिनी," ड्रायव्हरने खुर्ची पुढे केली आणि ती पडू नये म्हणून दोन्ही हात तयार ठेवले.

"बसायचं नाहीये," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हे इथेच येतात ना, तेवढं बघायला आले होते." घरात तो ‘तू’ होता, चारचौघांत ‘हे’.

"येतात तर! तुमच्यासाठी किती मनापासून येतात. तुमच्याबद्दल एका शब्दाने वाईट बोललेले नाहीत."

"वाईट काय बोलणार?"

नर्सने तिची बोटं हातात घेतली. "ताई, हे थरथरणं सकाळीही असतं का?"

"दिवसभर गार पाण्यात असते मी!"

नर्सने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.

बायकोच्या आता ध्यानात यायला लागलं. "अहो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी जन्मात थेंबसुद्धा घेतलेला नाही."

सगळ्यांनी समजुतीने माना डोलावल्या. हे वाक्य प्रत्येकाने आपापल्या घरी ऐकलं होतं. "माझा भाऊ हातात ग्लास धरून हेच म्हणतो," ड्रायव्हर पुटपुटला.

"दारू हे पितात!" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"हो," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "असंही वाटतं सुरुवातीला."

बायकोने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नवऱ्याकडे बघितलं. तो चेहरा चष्मेवाल्याने ओळखला. तलावाच्या तिरप्या काठावर उभं राहून, पाण्यातली डोकी पुन्हा पुन्हा मोजणाऱ्या, आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास उडालेल्या बायकोचा तो चेहरा होता. तेव्हा तो बघायला चष्मेवाला तिथे नव्हता. आता होता.

तो उठला.

"बाई, ती खरं बोलतेय. दारू मी प्यायचो. दारुडा मी आहे. तिने कधी वासही घेतला नाही. म्हणजे माझा घेतला असेल, तेवढाच."

तीन सभांत जे घशातून फिरलं होतं, ते नको त्या खोलीत, नको त्या लोकांसमोर, घडाघडा बाहेर आलं. भिंतीपलीकडून तेवढ्यात जोराचा हशा झाला.

ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे इतके आठवडे मी तुमच्याच पाठीवरून हात फिरवतोय?"

"हो."

"आणि तुम्ही फिरवू दिलात?"

"बरं वाटायचं."

बायकोच्या नाकातून एक आवाज आला. खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेला माणूस करतो तसा. मग ती हसायला लागली, खुर्चीचा आधार घेऊन, डोळे पुसत. नर्सही फुटली. ड्रायव्हरने रागावून बघायचा प्रयत्न केला, पण त्याला जमेना.

बाई हसल्या नाहीत. "मी तुम्हाला किल्लीची गोष्ट सांगितली होती," त्या म्हणाल्या.

"त्या दिवसापासून प्यायलेलो नाही बाई. कुलपाशी आलो की तुम्ही आठवता. तुमचे फार उपकार आहेत. सगळ्यांचेच. मी चोरून घेतले, पण माझ्या उपयोगी पडले."

बाईंनी पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग त्याचं कोपर धरलं. "चला. चुकीच्या वर्गात बसलाहात."

"माहीत आहे बाई."

"माहीत असून बसलात, म्हणून तर ओढून न्यावं लागतंय."

दारातून वळून त्याने बघितलं. बायको नर्सला विचारत होती, "मी बसू का?" आणि ड्रायव्हर खिडकीजवळची खुर्ची दाखवत होता, "ही तुमचीच की वहिनी. हे नुसती उबवत बसले होते."

बाईंनी डावीकडचं दार ठोठावलं, त्याला आत ढकललं आणि मागून लावून घेतलं. आत एक अगडबंब न्हावी सांगत होता, की आपण एक बाटली घरात अशी काही लपवली की आजतागायत सापडलेली नाही, त्यामुळे घर बदलायचीही सोय उरलेली नाही. लोक पोट धरून हसत होते.

"पहिल्यांदाच?" न्हाव्याने विचारलं.

"नाही. बरेच दिवस शेजारी होतो."

"मग आमचं सगळं ऐकलंच असेल."

"हसणं तेवढं."

"हां. रडतो ते आम्ही हळू आवाजात."

चष्मेवाला बसला. त्याची पाळी आली तेव्हा ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला फारसं जड गेलं नाही. पुढे त्याने वकिलाच्या चष्म्याची गोष्ट सांगितली आणि खोली दणाणली. मग बायकोच्या चष्म्याची सांगितली. तेव्हा कुणी हसलं नाही. न्हाव्याने नुसता चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

जिन्याखाली ती वाट बघत उभी होती.

"काय बोललीस?" त्याने विचारलं.

"तिथलं तिथेच ठेवायचं असतं म्हणे."

"बाई रागावल्यात का माझ्यावर?"

"भयंकर. पुढच्या आठवड्यात चहाला इकडे या म्हणाल्यात."

चष्मेवाला तिच्या पावलाशी पाऊल जुळवत चालत राहिला, आणि वाटेतल्या प्रत्येक दिव्याच्या खांबाचे त्याला उगाचच आभार मानावेसे वाटले.

दारापाशी ती मुद्दाम मागे थांबली. त्याने किल्ली काढली. एका दमात आत गेली. मागे तिने श्वास सोडला, या वेळी स्वच्छ ऐकू येईल असा.

आत आल्यावर तिने शिट्टी खुंटीला लावली, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"दांडी सैल झालीय. बघ जरा."

परक्या दुकानाच्या मालाला तो सहसा हात लावत नसे. त्याने दोन्ही हातांनी घेतला. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, दिव्याखाली बसला, आणि एवढासा स्क्रू पिळायला त्याने जितका वेळ लावला तितक्यात एरवी दोन चष्मे झाले असते. मग साध्या पाण्याने भिंगं पुसून तिच्या हातात दिला.

तिने चष्मा घातला. त्याच्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं.

"स्पष्ट?" त्याने सवयीने विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "आठवडाभर घालून सांगते."